रांजणातला बाळकृष्ण

मी एकदा देव चोरला होता. देवळातला नव्हे, घरातलाच. सासूबाईंच्या देव्हाऱ्यातला अंगठ्याएवढा पितळी बाळकृष्ण. आणि चोरला तो कोणासाठी, तर जिला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं अशा एका बाईसाठी. आता नाती विचारतात, "आजी, तू लहानपणी शहाणी होतीस का गं?" तर मी सांगते, लहानपणी होते. लग्नानंतर बिघडले.

सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट. नागपूरला धरमपेठेत भाड्याच्या घरात आम्ही तिघं राहायचो. मी, हे आणि सासूबाई. मी बावीस वर्षांची, आणि माझं अर्धं चित्त रेडिओत. ती गाणारी बाई तेव्हा सगळ्यांच्याच घरात होती. त्या दिवसांत नुसतं 'ती' म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यांपुढे यायचं नाही. माझा भांग तिच्यासारखा, पदर तिच्यासारखा दोन्ही खांद्यांवरून, आणि वरची पट्टी आली की तिच्यासारखेच डोळे मिटायचे. पट्टी लागायची नाही, डोळे मात्र अगदी बरोबर मिटायचे. मी डोळे मिटून पोळ्या लाटायची आणि हे बिचारे डोळे मिटून त्या खायचे.

त्याच हिवाळ्यात ती नागपुरात गाऊन गेली होती. मैदानात खच्चून गर्दी, मी अगदी शेवटच्या रांगेत. एका भजनाच्या मध्येच तिला ठसका लागला. मंचावरचं पाणी संपलेलं. मैदानाच्या मागच्या घरातून कोणीतरी तांब्या आणला आणि तो माणसांच्या हातोहात पुढे निघाला. पहिल्यांदा आला तो माझ्याच हातात. मी पुढच्या बाईकडे दिला, तिनं पुढे, असं करत करत तो तिच्यापर्यंत पोचला आणि ती घटाघटा प्यायली. पुढे मी जो भेटेल त्याला सांगत सुटले की ती माझ्या हातचं पाणी प्यायली. मधले दोनशे हात मी सोयीनं गाळत असे.

वैशाखात बातमी आली की ती मुंबईला दवाखान्यात आहे आणि अवस्था बरी नाही. मग नागपुरानं जे केलं ते मी पुन्हा पाहिलं नाही. कॉलेजातल्या पोरी तापल्या डांबरावरून अनवाणी टेकडीच्या गणपतीला गेल्या. आमच्या कोपऱ्यावरचा पानठेलेवाला कोणाला चुना लावून देईना, आधी विचारायचा, "काही कळलं का भाऊ?" सायकल दुरुस्तीवाला कोराडीच्या देवीला नवस बोलला. त्यानं तिचं एकही गाणं धड म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, तरी बोलला. मग मीच काय मागे राहणार? जिला आपण पाणी पाजलं तिच्यासाठी आपणच काही करायचं नाही?

आमच्याकडे फार मोठं संकट आलं की देव पाण्यात ठेवायची रीत. मागणं पुरं होईस्तोवर देव बाहेर काढायचा नाही. हे सहा वर्षांचे असताना विषमज्वरानं गेल्यातच जमा होते, तेव्हा सासूबाईंनी याच बाळकृष्णाला अकरा दिवस घंगाळात ठेवलं होतं. ती कथा मला तोंडपाठ होती. पण एका गाणाऱ्या बाईसाठी देव पाण्यात ठेवू द्या म्हणून सासूबाईंना विचारायची छाती नव्हती. त्या पारशिवनीच्या, बोलायला करारी. रेडिओ लागला की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. बाळकृष्ण त्यांच्या आईनं लग्नात ओटीत घातलेला. त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय पन्नास वर्षांत त्यांनी घास घेतला नव्हता.

म्हणून चोरी. त्या परसात फुलं तोडायला गेल्या आणि मी देव उचलला. पण ठेवू कुठे? घरातलं प्रत्येक भांडं रोज घासलं जाई. एकच जागा सुरक्षित होती, ती म्हणजे फाटकाजवळचा रांजण. उन्हाळाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सासूबाई तो भरून ठेवत. अर्धा रेतीत पुरलेला, आत वाळ्याची जुडी, बुड कधी कोणाला दिसत नसे. भरायचं काम माझ्याकडेच. मी देवाला वाळ्याखाली ठेवलं आणि हात जोडून म्हटलं, "तिला बरं कर. ती बरी होईस्तोवर मी तुला बाहेर काढणार नाही, माझी शपथ आहे." मग घरात येऊन साळसूदपणे तांदूळ निवडत बसले.

तासाभरात घर उलटंपालटं झालं. संशय गेला उंदरावर. ह्यांनी ऑफिस बुडवून देव्हाऱ्यामागचं बीळ उकरलं. त्यात तीन वाती, एक सुपारी आणि ह्यांचं हरवलेलं बटण सापडलं. मी आपली पदराआड हसतेय. पण दुपारी पान वाढलं तर सासूबाई उठून गेल्या. म्हणाल्या, "तो उपाशी आहे कुठेतरी. मी काहून जेवू?" दूध आणि एक केळं, एवढ्यावर त्या एकेक दिवस काढू लागल्या. मला वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न. ती बरी होईल, मी देव काढीन, कपाटामागे टाकीन आणि "सापडला, सापडला" म्हणून ओरडीन. सगळं ठरलेलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ती गेल्याची बातमी आली.

पानठेलेवाल्यानं फळी लावली आणि फळीलाच डोकं टेकून उभा राहिला. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तिचा फोटो लागला, त्याला मोगऱ्याचा हार, आणि रस्त्यात माणसं उभी, चपला काढून. ज्यांच्याशी कधी बोलणं नव्हतं अशा बाया ओट्यावर येऊन माझ्या गळ्यात पडून रडल्या. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे गळा जावा म्हणून वैऱ्यानं शेंदूर चारला. सायकलवाल्यानं तर चक्क मुंडण करून घेतलं. शेजारचे मास्तर कुरकुरले, "सख्खा गेला तरी इतकं करत नाहीत." तर तो डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "मास्तर, सख्ख्यानं मले कधी गाणं ऐकवलं?"

सासूबाईंना मी दारातूनच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "लेकरं किती तिले?"

"एक मुलगी आहे म्हणतात. चार वर्षांची."

त्या उठून न्हाणीत गेल्या. थोड्या वेळानं दोरीवर त्यांचं ओलं लुगडं दिसलं. मी मनात म्हटलं, इथे जग रडतंय आणि यांना उन्हाचं पडलंय.

मग मी देवावर रुसले. फाटकापाशी जाऊन रांजणाला ऐकवलं, "राहा आता तिथंच." दोन दिवस हा रुसवा मोठा थाटात चालला. तिसऱ्या दिवशी सासूबाई भिंत धरून चालताना दिसल्या आणि माझा थाट उतरला. वैद्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, या वयात, या उन्हात असं उपाशी राहणं बरं नाही, धोका आहे. त्या मात्र ऐकेनात.

मी धावत रांजणाशी गेले, खांद्यापर्यंत हात घातला, आणि तसाच बाहेर काढला. शपथ आठवली. ती बरी होईस्तोवर काढणार नाही असं म्हटलं होतं, आणि ती तर आता कधीच बरी होणार नव्हती. शपथ मोडली आणि ते पाप सासूबाईंच्या जिवावर आलं तर? न काढावं तर त्या उपाशी जाणार, काढावं तर शपथ. आणि खरं सांगायचं तर याच्याखाली आणखी एक होतं. देव बाहेर काढला असता तर ती गेली हे मला मान्य करावं लागलं असतं. मी रांजणाकडे बघणंच सोडलं. दोन दिवस भरलासुद्धा नाही. सासूबाईंच्या पाणपोईत पाणी आटत चाललं आणि मी घरात तोंड लपवून बसले. मला भक्त म्हणवून घ्यायची हौस होती, पण त्या दोन दिवसांइतकी नास्तिक मी कधीच नव्हते.

आठव्या दिवशी ऐन दुपारी फाटकाशी हाक आली. "पानी पेऊ का वं बाई?"

खाप्याकडची टरबुजं विकणारी होती. कन्हान नदीच्या रेतीत यांच्या टरबुजांच्या वाड्या असतात. डोक्यावरची टोपली तिनं कडुनिंबाखाली उतरवली. वयानं माझ्या आईएवढी, पाय धुळीनं पांढरे. मी पायरीवरूनच मान हलवली. तिनं गडवा रांजणात घातला, तो नुसता खरवडल्यासारखा वाजला. "बुडालेच गेलं वं पानी," म्हणत ती वाकली, वाकली ती खांद्यापर्यंत आत गेली. गडवा आडवा करून तिनं तळचं पाणी ओढून घेतलं. वर काढून तोंडाला लावला, दोन घोट घेतले, आणि दाताला खट्कन काहीतरी लागलं.

"अवं माय! तुह्या पान्यात देव हाये वं!"

तिनं पदरानं बाळकृष्ण पुसला आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून टोपलीतल्या एका टरबुजावर बसवला. हिरव्यागार डोंगरावर बसल्यासारखा तो दिसत होता. मी पायरीवरच रडायला लागले आणि त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. गाणं, तांब्या, चोरी, शपथ, ती गेली त्या दिवशीही उन्हापायी अंघोळ करणाऱ्या सासूबाई, त्यांची उपासमार, सगळं. ती उरलेलं पाणी पीत पीत ऐकत होती.

"कोन बाई होती ते?" तिनं विचारलं.

सगळं नागपूर जिच्यासाठी रडत होतं तिचं नावही हिला ठाऊक नव्हतं. "आमच्या वाडीवर कुठचा रेडू?" ती म्हणाली. "मी त नाई ऐकलं तिचं गानं. मले आपली तहान लागली होती." मग जरा विचार करून म्हणाली, "पन तू रडून काहून राहिली? शपथ काय घातली होती? मी काढनार नाई, असंच ना? मंग तू कुठी काढला? काढला त मी."

मागे काठी वाजली. सासूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळच्या, कोण जाणे. मला वाटलं आता काठी पाठीत बसणार. त्या पायऱ्या उतरल्या, टरबुजावरून देव उचलून छातीशी धरला, आणि त्या बाईला म्हणाल्या, "जेवून जा वं. तुह्याशिवाय आज आमचं जेवण नाही."

देवाला स्नान झालं. नैवेद्याला दुसरं काही तयार नव्हतं, म्हणून तेच टरबूज कापलं. आठ दिवसांनी सासूबाईंनी पहिला घास तोंडात घातला तो त्या लाल फोडीचा, आणि रस हनुवटीवरून ओघळला तरी पुसला नाही. ती बाई ओट्यावर बसून वरणभात जेवली, भाताची तारीफ केली, पोळ्यांबद्दल काही बोलली नाही. मग टोपली उचलून ऊन कलायच्या आत निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी तिची फार वाट पाहिली. आली नाही. तिची फेरी दुसऱ्या आळीत वळली असेल, किंवा वाडी पुरात गेली असेल. मी नावही विचारलं नव्हतं. ती कोण होती असं लोक डोळे मोठे करून विचारतात. मी सांगते, टरबुजं विकणारी होती आणि तिला तहान लागली होती. याहून जास्त मला ठाऊक नाही, आणि आता ठाऊक करून घ्यायचंही नाही.

एवढं मात्र कळलं. मी देवाला कोंडून ठेवलं होतं आणि त्याला भक्ती म्हणत होते. अट माझी, मुदत माझी, आणि हट्ट मोडला की रुसवाही माझा. तो मात्र आठ दिवस रांजणाच्या बुडाशी गुमान पडून राहिला आणि जो कोणी दारात येई त्याची तहान भागवत राहिला. ती गाणारी का गेली, तिच्या चार वर्षांच्या लेकीनं काय करायचं, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही, आजही नाही. पण उत्तर मिळालं नाही तरी रांजण भरायचा असतो, हे त्या दिवसापासून मी विसरले नाही. पुढे आयुष्यात मागणी पुष्कळ केली, स्वभाव थोडाच जातो? पण मागून झालं की हात सोडून द्यायला शिकले. ज्या हातानं त्याला यायचं असेल त्या हातानं तो येतो. माझाच हात लागेल असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारळाची शेंडी घेऊन रांजण घासत होते. सासूबाई पायरीवर बसून वाळ्याची जुडी निवडत होत्या. कालपासून त्या मला एक शब्द बोलल्या नव्हत्या. माझं लक्ष रांजणात कमी आणि त्यांच्या काठीकडे जास्त. शेवटी वाळा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "आठ दिवस अर्ध्या धरमपेठेले तीर्थ पाजलंस, पोरी. आणि त्या दिवशीचं माझं लुगडं उन्हापायी ओलं नव्हतं. आपलं माणूस गेलं की डोक्यावरून अंघोळ करतात, तशी केली होती मी. मले एक शब्द विचारलं असतं, तर दोघींनी मिळून ठेवला असता त्याले पाण्यात."