धोंडुबाईंचं टेबल

रविवारची सकाळ. पोह्यांवर झाकण ठेवलं होतं, ह्यांचा दुसरा चहा उकळत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. आमच्याकडे बेल आहे, पण ती सोडून दार वाजवणारं माणूस खेड्यातलंच. उघडलं तर धोंडुबाई, हातात तांदुळजाची पाटी. या वेळी त्या सेंद्रिय बाजारात टेबलामागे असायच्या.

"बाजार नाही का आज?"

"हाय की. मंगल बसलीया. माझ्यापाशी कोण थांबंना, म्हणून आले."

धोंडुबाई आणि मंगल सख्ख्या जावा, कुंडलच्या. रानाची वाटणी झाली, विहीर एकच राहिली. दर रविवारी दोघी एकाच टेम्पोतून सांगलीला येतात आणि शेजारीशेजारी भाजी मांडतात. दोघींची वांगी एकाच बियाण्याची, एकाच पाण्याची. गर्दी मात्र मंगलकडे. ती हसते, कुणाची सून बाळंत झाली ते विचारते, वांग्यांवर ओलं फडकं घालून ठेवते. धोंडुबाई ताठ बसणार. कुणी वांगं चेपून पाहिलं की म्हणणार, "दाबू नगा, तुमचं झाल्यावर दाबा." मीही हल्ली मंगलकडेच वळत होते. एकदा माझ्या भरलेल्या पिशवीकडे बघत त्या म्हणाल्या होत्या, "गोड तिची जीभ हाय वैनी, वांगी न्हाईत."

मी चहा दिला. बशीत ओतून, फुंकर घालत त्या बोलू लागल्या.

त्यांचा धाकटा भाऊ ज्योतिबा दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन इकडे उतरतो. कळप रात्रभर रानात बसवायचा, लेंड्या-मूत जमिनीत मुरतं, तेच त्या रानाचं खत. आजवर कळप दोघींच्या रानात सारखाच बसायचा. यंदा बहिणीनं भावाला अडवलं.

"मी म्हटलं, भाऊ माझा, मेंढरं माझ्या म्हायेरची. तिच्या रानात कशापायी? सगळ्या राती माझ्यातच बसव."

"आणि त्यानं ऐकलं?"

"म्हणला, आक्का, लय हुईल. मी म्हटलं, हू दे."

आणि झालंच. वांगी माजली. झाडं छातीला लागली, पानं सुपाएवढी, पण वाकून बघावं तर फळाचा पत्ता नाही. मंगलनं बिचारीनं उकिरड्यातलं जुनं शेणखत विस्कटलं होतं. तिची झाडं कमरेच्या वर गेली नाहीत, पण लगडली.

"सकाळ-सांज मी बांधावर जाऊन तिचीच वांगी बघत उभी ऱ्हाते," धोंडुबाई म्हणाल्या. "काल मंगल म्हणते कशी, आक्का, माझ्यातल्या दोन पाट्या घे, तुझ्या टेबलावर मांड. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

"मग घ्यायची होती."

"मरंन, पर घेणार न्हाई. आन बाजारवाले म्हणत्यात, गिऱ्हाईक नसंल तर जागा सोडा. मंगलच्या भणीनं माझ्या जागंचं इचारून ठेवलंय. म्हंजे हिकडं बी त्या, तिकडं बी त्या. मी मधनं उठायचं."

एवढं बोलून त्यांनी बशी खाली ठेवली. रानात आपोआप उगवलेला तांदुळजा तेवढा त्यांच्याकडे विकायला उरला होता. चांगला कोवळा, निवडून जुड्या बांधलेला.

"द्या इकडे सगळा," मी म्हटलं. "निम्मा शेजारी देईन."

त्यांनी पाटी मागे ओढली. "दारावर इकाय न्हाई आले वैनी. इथं घेतला तर तिथं कुणाला दिसणार?"

"मग काय करू, सांगा."

त्या उठल्या, पदर खोचला, पाटी डोक्यावर घेतली. दारापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"बाजारात येणारच हाय नव्हं तुमी? वांगी तिच्याकडनंच घ्या, माझ्याकडं न्हाईतच. पर पयल्यांदा माझ्या टेबलापाशी थांबा. जरा येळ. तिला दिसंल असं."