पुढच्या मयतीपासून

यवतमाळच्या एका साप्ताहिकासाठी मी धाडसी विचारांच्या माणसांच्या मुलाखती घेत असे. पोटासाठी शाळेत शिकवायचो, आणि रविवारी संपादक मला कोणाकडे तरी पिटाळायचे. उद्याचा समाज कसा असावा, हा प्रश्न ठरलेला. उत्तरं ऐकून माझं डोकं उठायचं. एका नामांकित वकिलांनी पन्नास वर्षांत जात नावालाही उरणार नाही असं छातीठोक सांगितलं, आणि तेवढ्यात अंगणातल्या मजुराला विहिरीपासून लांब हो म्हणून ओरडले. मी दोन्ही लिहून घेतलं. संपादकांनी पहिलंच छापलं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, पण वाचक खूश होते.

घाटंजीच्या बाजारात मला जवळच्या खेड्यातल्या एका टेलरबद्दल कळलं. छप्पन्न सालानंतर त्याच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला आणि गावाची पिढीजात कामं सोडली. त्यातलं एक मयतीचा सांगावा पोचवण्याचं. कोणाच्याही घरचं माणूस गेलं की वस्तीतल्या कोणी तरी उन्हापावसात पायी जायचं, नातेवाइकांच्या अंगणात उभ्याउभ्या बातमी सांगायची आणि न बसता परतायचं. वस्तीनं काम सोडलं, पण दुसऱ्या कोणी उचललं नाही. तो कमीपणा घेणार कोण? मग गावातली एक म्हातारी वारली, आणि कळंबला दिलेल्या तिच्या लेकीला माती होऊन गेल्यावर बाजारात कोणाकडून तरी कळलं. लेक येऊन अख्ख्या गावाला शिव्या घालून गेली. गावानं तो राग वस्तीवर काढला. वस्तीचा किराणा आणि दळण बंद करायची भाषा सुरू झाली.

मी गेलो तेव्हा टेलर ओसरीवर मशीन चालवत होता. माझा ठरलेला प्रश्न ऐकून त्यानं पाय थांबवले.

"उद्याचं मले काय इचारता, मास्तर? मयतीचा सांगावा जातीनं कायले पोचवाचा? पाळीनं पोचवा ना, घरामागं घर. पाटलाकडची मयत झाली अन् आमची पाळी असन, तं आमी जाऊ. आमच्याकडची झाली अन् पाटलाची पाळी असन, तं पाटील जाईन."

"पाटील जाईल? तुमच्या मयतीचा सांगावा घेऊन?"

"काहून नाही? पाय नाहीत काय त्याले?"

"हे व्हायला किती वर्षं लागतील?"

"वर्षं कायची? पुढच्या मयतीपासून."

इतक्या विचारवंतांत असं उत्तर मला पहिल्यांदाच मिळालं. मी खरोखर हरखलो. उठताना तो म्हणाला, "नाव छापजा माहं. बिननावाचं बोलणं म्हंजे बेवारस ढोर. कोनीबी आपल्या दाव्याले बांधते."

वेशीपर्यंत त्याची बायको माझ्यामागे आली. ती केळापूरकडची, बोलायला धीट. पण तेव्हा ती मागं वळून वळून बघत बोलली.

"भाऊ, नाव नका छापू. थो बोलून मोकळा होते. उद्या मशीन फेकून देतीन, घर पेटवतीन. आमाले इथंच राहाचं हाय ना."

मी दोघांचंही म्हणणं संपादकांना सांगितलं. त्यांनी नाव काढलं, गाव काढलं आणि 'एका ग्रामस्थाचा विचार' म्हणून छापलं. मी भांडलो, टेबलावर हात आपटला. पण खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पाटलाचा थोरला मुलगा तेव्हा नागपुरात कायदा शिकत होता. सुटीत गावी आला आणि मारुतीच्या पारावर त्यानं तो अंक वाचून दाखवला. पोरगा वाईट नव्हता. बापाशी भांडून त्यानं गावाला पाळी कबूल करायला लावली. वस्तीतली एक म्हातारी गेली तेव्हा तो स्वतः सांगावा घेऊन गेला. लोक म्हणू लागले, पाटलाच्या पोरानं काय डोकं लढवलं! त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

टेलर यवतमाळला आला तो थेट छापखान्यात. चहा घेतला नाही.

"मार पडला असता तं सोसला असता, मास्तर. आता लोक मलेच समजावून सांगून राह्यले, पाळी म्हंजे काय. हे कसं सोसू?"

"पुढच्या अंकात तुमचं नाव छापतो," मी म्हणालो.

"आता छापलं तं मलेच चोर म्हणतीन."

"पण पाळी सुरू तर झाली ना?"

"झाली. थे चांगलंच झालं." त्यानं खोक्यातला छपाईचा एक खिळा उचलून पाहिला आणि परत ठेवला. जाताना म्हणाला, "बायकोनं तुमाले अडवलं, थे मले मालूम हाय. तिले काही बोलू नका."

काही वर्षांनी एका सकाळी माझ्या अंगणात धोतर-टोपीतला एक माणूस येऊन उभा राहिला. आत बोलावलं, आला नाही.

"टेलर गेला, मास्तर. पहाटंच. त्याच्या बाईनं तुमाले सांगाले लावलं. आमच्या घरची पाळी व्हती."

तो पाटलाचा धाकटा भाऊ होता. मी त्याला विचारलं, "ही पाळीची रीत कोणी काढली हो?"

"आमच्या पुतण्यानं," तो अभिमानानं म्हणाला.

खरं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण आधी टेलरच्या बायकोला विचारावं म्हणून थांबलो आणि त्याच्याबरोबरच मोटारीनं निघालो.

मातीला पाटलाकडचे दोघंतिघं आले होते. लांब लिंबाखाली उभे होते, पण आले होते. सगळं आटोपल्यावर मी बाईला म्हणालो, "वहिनी, आता तरी सांगू द्या. इथंच, सगळ्यांसमोर."

तिनं लिंबाकडे पाहिलं. "नका सांगू, भाऊ. पाळी पाटलाची हाय म्हणून चालते. आमची म्हणलं की उद्याच मोडन. मंग माह्या मयतीचा सांगावा घेऊन केळापूरले कोन जाईन?"

मला भयंकर राग आला होता, आणि तो ज्याच्यावर काढावा असं समोर कोणी नव्हतं. बाई अजून त्याच गावात आहे, पाळीही चालू आहे. म्हणून इथेही त्याचं नाव नाही.