मोजमाप वहीतली आठवी ओळ

जे टेपनं मोजता येत नाही, ते मी मानत नव्हते. पेशानं सिव्हिल इंजिनिअर… भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

गाव लातूर. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती. निजामाच्या काळातली एक दगडी कचेरी — समोर सात गोल कमानी, मध्ये जोडखांब, वर कोरीव कंगोरे, ऐट थेट इटलीतल्या महालाची. ती पाडून तिथं कोचिंग क्लासची सहा मजली इमारत व्हायची होती. 'धोकादायक' असा माझा रिपोर्ट तेवढा बाकी होता, आणि मला तो द्यायचाच होता. भूकंपात माझी मावशी दगडी घराखाली गेली. तेव्हापासून दगडाची भिंत दिसली की माझं डोकं फिरायचं.

भर दुपारी मापं घेतली. आमचे मदतनीस सलीमभाई शिडीवरून आकडा सांगायचे, मी तो मोठ्यानं म्हणून वहीत लिहायचे. ऑफिसात येऊन बघते तर सात कमानींच्या सात ओळींखाली आठवी ओळ — 'भिंतीच्या आत लोखंडी पट्टी, साडेअकरा फुटांवर'. अक्षर माझंच.

सलीमभाईंना विचारलं.

"मी सातच आकडे बोललो, मॅडम. मी शिडी उतरत व्हतो तवा तुम्ही एकट्याच कायतरी बोलून लिहीत व्हत्या. भिंतीच्या आतलं मला कसं दिसंल?"

मोजमाप वही म्हणजे सरकारी नोंद; तिच्यातली ओळ अशी खोडता येत नाही, तपासावी लागते. मी चिडूनच गेले, ती खोटी ठरवायला. साडेअकरा फुटांवर आतला गिलावा फोडला, एक दगड काढला… आणि चार बोटं रुंद लोखंडी पट्टी! प्रत्येक कमानीपाशी एकेक दगड काढून बघितलं; सातही कमानींना ती कंबरपट्ट्यासारखी आवळून बसलेली, भूकंपात भिंत फाकू नये म्हणून. भोवती घडीव दगड, पक्का चुना. मावशीच्या घराच्या भिंतीत नुसती माती होती. हा फरक मी इंजिनिअर असून कधी बघितलाच नव्हता. तिथंच शिडीवर बसून रडले.

कचेरी पाडायची की नाही हे ठरवणाऱ्या कमिटीत आमचे साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच तर पाडा म्हणत होता ना?"

"चुकत होते, सर," म्हटलं आणि पट्टीचे फोटो टेबलावर मांडले. तासभर भांडले. कचेरी वाचली.

आज तिथं अभ्यासिका आहे. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी त्या भिंतींना टेकून वाचत बसतात, मीही कधी कधी टेकते. जुने नकाशे धुंडाळले, पट्टीचा उल्लेख कुठंच नाही. ती ओळ मला कुणी सांगितली, आजही माहीत नाही. पण माझ्या नोकरीतला सगळ्यात खरा रिपोर्ट त्या ओळीवर उभा आहे, आणि खाली सही माझी आहे.