कानातली शिटी

लग्नानंतर मी भिवंडीला आले ती गवताच्या ट्रकमध्ये, गाठोडं मांडीवर घेऊन. आई रस्त्यापर्यंत आली होती. रडली नाही. म्हणाली, "तिकडं वरडून बोलू नको. लोक नावं ठेवतात."

भिवंडीतल्या नारपोलीत आमचं घर. तिथं पहिल्याच दिवशी तिचं सांगणं फुकट गेलं. आमच्या भिंतीपलीकडे लूमचा, कापड विणायच्या यंत्रमागांचा कारखाना होता. चहा घेणार का, हे नवऱ्याला विचारायलाही ओरडावं लागायचं. हे तिथेच कामाला. पुढे मीही त्याच कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरायला लागले. आत बोलणं हातांनी आणि ओठांवरून चालायचं. शिफ्ट सुटली की कानात शिटी वाजायची. झोपून उठलं की जायची. मग जाईनाशी झाली.

आवाजाचा कायदा आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मोजायला साहेब यायचा, पण तो येणार हे शेठला आधीच माहीत असायचं. त्या दिवशी निम्मे लूम बंद. सगळ्यांना कानावर लावायची जाड टोपणं मिळायची. बाजूचा इद्रिस म्हणाला, "चाची, आज तो हम पायलट लग रहे हैं." साहेबानं ऑफिसच्या दाराशी मशीन धरलं, चहा घेतला, गेला. टोपणं परत कपाटात. शेठ म्हणाला, "नया माल है, मैला हो जाएगा." आमचे कान जुने होते, ते वापरले तरी चालत होते.

हे गेले तेव्हा ठार बहिरे होते. त्यांच्यामागं माझा धाकटा भाऊ बाळू मला न्यायला आला. कानाशी तोंड आणून म्हणाला, "आक्का, एकटी कशाला ऱ्हातेस? गावाला चल. हितं कसला आवाज न्हाय." मलाही शेवटची वर्षं तशीच हवी होती. गेले. भावजयीनं मागची खोली सारवून दिली.

दुपारी सगळे शेतावर गेले, घर गप्प झालं आणि शिटी वर आली. भिवंडीत ती लूमखाली दबून राहायची. गावात तिच्यावर झाकायला काहीच नव्हतं. कुकरची शिटी थांबते, ही थांबत नाही. ती दबावी म्हणून मी रोज दुपारी भांडी आपटत बसायचे, ते सगळे परत आले तरी. भावजय बाळूला सांगत होती, "आक्कांना आपलं जेवान आवडत न्हाय." मी तिच्या ओठांवरून वाचलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, कानातली नस गेली, आता इलाज नाही.

मी नारपोलीला परत आले आणि तुम्ही सगळे रुसलात. बाळू, बायकोला सांग, भाकरी चांगली होती. भाजी तेलकट होती, पण तेवढ्यासाठी कोणी भावाचं घर सोडत नाही.

आणि गावातून लूमवर आलेल्या पोरांनो, टोपणं कपाटात असतील तर मागून घ्या. शेठ ओरडेल. त्याचं ओरडणं ऐकू येतंय तोवरच घ्या.

माझं घर आता ही भिंत. ज्या आवाजानं कान खाल्ले, त्याच्याच आडोशाला मला जेवण जातं, झोप लागते. भेटायला या. फक्त शुक्रवारी येऊ नका. शुक्रवारी लूम बंद असतात आणि मी माणसात नसते.