सूर्याला खळं पडलं त्या दिवशी

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सूसला, जिथे स्वयंपाकाला जाते त्या घरी चपात्या लाटत होते. नवरा म्हणाला, "वयनी गेली. पौडच्या ष्ट्यांडवर, बसल्या जागीच... तू ये." मी "व्हय" म्हटलं आणि उरलेल्या चार चपात्या लाटल्या. मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या, त्यांना नुसतं सांगायचं होतं. तेवढंही मला जमलं नाही. वेळेवर तोंड न उघडण्याची माझी ही खोड बाईंना किती महागात पडली, ते आज लिहिते आहे. कुणाला वाचायला देणार नाही.

बाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा पाहुण्यांसमोर माझी वाचाच बसायची. मग माझ्या वाटचं त्याच बोलायच्या. "हिला देवानं तोंड दिलंय ते नुसतं घास घालाया, काय इचारायचं ते मला इचारा," म्हणायच्या आणि मलाच हसू यायचं.

चार वर्षांपूर्वी आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, पुण्याच्या दवाखान्यात वारले. कागदपत्रांना वेळ लागत होता. पुरुष माणसं वर होती आणि आम्ही दोघी खाली फाटकापाशी डबे-पिशव्या घेऊन बसलो होतो. भर दुपारी रस्त्यावरची माणसं थांबून वर बघू लागली. सूर्याभोवती हे एवढं मोठं खळं पडलं होतं, कडेला तांबूस आणि आत काळपट निळं. तसलं आभाळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. मामा खळं बघून पावसाचा अंदाज सांगायचे... मी म्हटलं, "बाई, फोटू काढा की."

"येडी का काय तू? माणूस वर पडलंय आन् आभाळाचा फोटू?"

"मामांनी बघितलं असतं."

त्यावर दिव्याच्या खांबाआड सूर्य धरून त्यांनी फोटो काढला, डोळे पुसले आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मोठा करून बघावा म्हणून मी बोट फिरवलं, तर काहीतरी हिरवं दाबलं गेलं. परतताना गाडीत नवऱ्याच्या मोबाईलवर बाईंच्या नावाखाली तेच आभाळ दिसलं, तेव्हा कळलं की मी ते त्यांच्या स्टेटसला टाकलंय. तोवर गावात सगळ्यांनी बघितलं होतं.

मामांना अंगणात ठेवलं आणि चुलत सासरे, नाना, सगळ्यांदेखत म्हणाले, "आमी हितं मढ्याची वाट बघतुया, आन् थोरली सून आभाळ दावतीया. लाज हाय का गं?" बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावला. रडणारीला कुणी काही विचारत नाही, हे मला माहीत होतं. "चुकलं माजं, नाना," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांचं नाव फोटूवाली पडलं. साखरपुडा असो, बारसं असो, घरची माणसं ओळीत उभी राहिली की नाना म्हणायचे, "फोटूवाली कुटंय? तिलाच काढू द्या, तिला लई हौस हाय." सगळे हसायचे. पुढेपुढे तर हाक यायच्या आधीच बाई ओळीतून बाहेर व्हायच्या. एकदा भांडी घासताना मी म्हटलं, "नानांना सांगू का मी?" त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुला न्हाई झेपायचं." ते ऐकून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू?

दहाव्याच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधला, तर चार वर्षांत बाईंचा एकही फोटो नाही. आधार कार्डावरचा काळपट चेहरा मोठा करून घेतला. फ्लेक्सवाल्याने मागे त्याच्याकडचं निळंशार आभाळ लावून दिलं. खाली 'मनमिळाऊ' वगैरे लिहिलेलं, आणि शोकाकुल माणसांत पहिलं नाव नानांचं.

माणसं पांगल्यावर मी नानांना चहा दिला आणि तिथेच उभी राहिले.

"नाना, मामा गेले तवाचा त्यो फोटू... बाईंनी न्हाई, मी टाकला हुता."

"कंचा फोटू?"

"आभाळाचा. तुमी बोलला हुता त्यांना. अंगणात."

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "मला न्हाई बा आठवत," ते म्हणाले. "फोटूवाली म्हनायचो, ते व्हय? ती फोटू झ्याक काढायची म्हनून म्हनायचो." आणि चहा प्यायला लागले.

याला महिना झाला. बाईंचा मोबाईल आता घरात मीच वापरते. त्यांनी काढलेले सगळे फोटो त्यात आहेत. सगळी माणसं समोर बघतायत, म्हणजे बाईंकडेच. नाना तर तोंडभर हसतायत. प्रत्येक ओळीत कडेला मी आहे, आणि एकाही फोटोत माझी मान वर नाही.