शेजारची खाट आणि कराचीचं विमान

डॉक्टर दाराशीच थांबले आणि म्हणाले, “बाई, सस्पेक्टेड न्यूमॉनिक प्लेग.” म्हणजे फुप्फुसाच्या प्लेगचा संशय. सुरतेत प्लेग पसरला होता. माझा भाऊ तिथून जीव मुठीत धरून टेमघरला आमच्याकडे आला, आणि लगेच मला ताप-खोकला सुरू झाला. एरवी शाळेत अख्खा वर्ग गप्प करणारी मी शिक्षिका, पदर तोंडाला लावून भिंतीकडे सरकले.

मला दवाखान्यातल्या वेगळ्या खोलीत ठेवलं. तिथे दोनच खाटा होत्या. जेवणाचं ताट उंबऱ्यावरून आत सरकवत. नवरा कारखान्यातल्या लूमवरचं, म्हणजे मागावरचं, कोरं कापड तोंडाला बांधून खिडकीतून बोले. कपाळाला कुणाचा हात लागला नाही, की माणसाला स्वतःचीच भीती वाटायला लागते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर शेजारच्या खाटेशी बोला.

माझ्या शेजारच्या खाटेवर हलीमाखाला, म्हणजे हलीमामावशी होत्या, इथल्याच कोकणी मुसलमान. त्याही खोकत, म्हणून त्यांच्यावरही संशय. पहिल्याच दुपारी त्या उठून माझे केस विंचरू लागल्या.

“खाला, मला प्लेग असेल.”

“असंल तर असंल. केस किती गुंतलेत, बघ तरी.”

त्यांची धाकटी बहीण मरियम लग्न होऊन कराचीला गेली, ती पुन्हा कधी आलीच नव्हती. या वेळी तिला व्हिसा मिळाला होता, तिकीटही काढलं होतं. खाला त्या भेटीवरच तग धरून होत्या.

मग त्यांचा मुलगा खिडकीशी येऊन म्हणाला, “अम्मी, पाकिस्ताननं विमानं बंद केली. आपल्याकडं प्लेग हाय ना.”

या दोन शेजारी देशांना एरवी भांडायला कारण लागत नाही, इथे तर आयतं मिळालं. मला संताप आला. खालांनी फक्त विचारलं, “मंग कधी येल?”

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टर खाटेपर्यंत आले. मला साधा न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसाला सूज. खालांना हार्ट फेल्युअर. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साठतं, त्याचा तो खोकला. “प्लेग दोघींनाही नाही,” ते हसून म्हणाले.

“हे विमानांना कोण सांगणार?” मी विचारलं.

त्याच आठवड्यात खाला गेल्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. शेवटच्या दिवसांत बाहेर पावलं वाजली की त्या डोळे उघडून दाराकडे बघत. मी बरी झाले, पण अजूनही कुठल्याही दवाखान्यात पावलं वाजली की माझी नजर दाराकडे जाते. त्यांच्यासाठी कुणी आलंय असंच वाटतं.

विमानं सुरू झाल्यावर मरियम आली आणि पत्ता शोधत माझ्या घरी पोचली. ती उर्दू बोलेल असं मला वाटलं होतं. पण इतक्या वर्षांनंतरही तिच्या तोंडी आपल्याकडचीच बोली होती.

“बाय, तिला कुनी हात लावीत व्हतं का गं?”

“शेवटपर्यंत. मीच हात धरून होते.”

“कंच्या हातानं?”

मी उजवा हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घेतला आणि गालाला लावला. चहा टाकायचा राहूनच गेला. हात सोडवून घ्यायचा मला धीर झाला नाही.