सोनाबाईचा हललेला चेहरा

पडद्यावर एक सीताफळ होते. त्याच्या फुगीर डोळ्यांमधल्या खाचांत साचलेली पांढरी भुकटी, एका कडेला पडलेला काळा डाग, आणि त्या डागाकडे निघालेली मुंगी, तिच्या पायांच्या सांध्यांसकट! माझा हात नकळत पुढे गेला आणि बोटांना लागली ती गार, गुळगुळीत काच. नात सई हसली. "आजोबा, सगळेच हात लावतात."

बीडमधल्या आमच्या घराच्या ज्या पुढच्या खोलीत माझा फोटोस्टुडिओ होता, तिथेच आता सई लग्नाचे अल्बम आणि जाहिरातींची कामे करते. हा अतिसूक्ष्म ठिपक्यांचा पडदा तिने नुकताच आणला. घरात पहिला संगणक आला तेव्हा माणसाचा चेहरा मच्छरदाणीतून पाहावा तसा दिसे. या पडद्यावर मी जुने भिंग लावून पाहिले, तरी ठिपक्यांच्या रांगा कळायला वेळ लागला. आयुष्यभर छायाचित्रांचे दाणे मोजत बसलेल्या माणसाला केवढे हे कुतूहल! मी रोज सकाळी सईच्या आधी खुर्ची पकडू लागलो.

या पडद्याने मला पुन्हा वाचते केले, हे आधी सांगतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून छापील अक्षरे माझ्यापुढे भिजल्यासारखी पसरत. इथे अनुस्वाराचा थेंब गोल दिसतो, रफार अक्षराच्या डोक्यावर नीट टेकलेला असतो, 'घ' आणि 'ध' एकमेकांचे सोंग घेत नाहीत. तासभर वाचले तरी डोळे चुरचुरत नाहीत. पण सईचे रडगाणे वेगळे. तिची एक जुनी कामाची प्रणाली या पडद्यावर उघडली की तिची बटणे तिळाएवढी होतात. फोटो इतके जड, की संगणक धापा टाकतो आणि त्याच्या पोटातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. पूर्वी जे कुणाला दिसतच नव्हते ते नवरीच्या कपाळावरचे बारीक पुरळ आता दिसते, म्हणून ते पुसत बसावे लागते. आणि एवढे करून तो फोटो पाहुणे बघणार हाताएवढ्या मोबाइलवर! जास्त दिसू लागले म्हणजे जास्त झाकावे लागते, असे का व्हावे?

झाकण्याबद्दल मला विचारा. चाळीस वर्षे मी तेच केले.

आमच्या भागात तेव्हा खेड्यातल्या बाईचा एकटीचा फोटो सहसा नसे. ती गेली की घरचे लोक कुठल्यातरी जत्रेतला, लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येत. त्यातल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणत, हिला मोठी करून द्या. मग आम्ही मोठी करायचो. दिसत नव्हते ते ब्रशने भरायचो. मृताचे मिटलेले डोळेही उघडून द्यायचो. भिंतीला एक चेहरा मिळे, हाराला एक जागा मिळे. यात पाप कसले? आमच्या धंद्याची रीतच ती. माझे पाप मात्र रीतीत बसणारे नव्हते.

महिन्यापूर्वी लिंबागणेशचा भागवत आला. मेंढरे आणि थोडी शेती असलेला, पंचेचाळिशीच्या आतबाहेरचा माणूस. काखेत हार घातलेली जुनी तसबीर, हातात सीताफळांची पाटी. "काका, आईचा फोटो हाय. वाळवीनं कड खाल्ली. नवं घर बांधलंय, लई मोठा करा. भिंतभर." दोन दिवसांनी येतो म्हणून तो गेला.

सईने तसबिरीचा फोटो घेऊन पडद्यावर मोठा केला. सीताफळासारखेच सगळे वर आले. डोळ्यांभोवती ब्लेडची सरळ कड, नाकाशी ब्रशचे फटकारे. सई म्हणाली, "आजोबा, हे डोळे दुसऱ्याच फोटोतले आहेत!" मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "अर्ध्या तासात साफ करते मी. त्यांना कळणार नाही."

कळणार नाही! हेच वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःशी म्हटले होते.

नारायणगडाच्या जत्रेत मी मागे चित्रांचा पडदा लावून फोटो काढत होतो. दिवस कलला होता. भागवतच्या घरचे समोर उभे राहिले: बाप, दोन चुलते, आई सोनाबाई आणि तिच्याजवळ तीन वर्षांचा भागवत. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचे शटर जरा जास्त वेळ उघडे ठेवलेले. ऐन क्षणी सोनाबाईचा चेहरा हलला. मला ते तिथेच दिसले. अजून एक काढायला हवा होता. पण रोलवर दोनच फोटो उरले होते, आणि ते मी येणाऱ्या पुढाऱ्यांसाठी राखून ठेवले होते. पुढारी आले, हात जोडून उभे राहिले, निघून गेले. ते दोन्ही फोटो न्यायला कुणी कधी आले नाही. सोनाबाई त्याच साली तापाने गेली.

तिचा नवरा तो जत्रेतला फोटो घेऊन आला. चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट पट्टा. फोटो बिघडला होता, माझ्या हातून बिघडला होता, हे सांगायला जीभ उचलेना. मी माझ्या बायकोच्या फोटोतले डोळे आणि नाक ब्लेडने कापले, सोनाबाईच्या पदराखाली चिकटवले, कडा ब्रशने लपवल्या. तसबीर हातात घेऊन तो माणूस पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग त्याने मलाच विचारले, "अशीच हुती का वो?" जिच्याबरोबर संसार केला तिच्याबद्दल तो मला विचारत होता! आणि मी म्हणालो, "अशीच होती."

तो आता नाही. त्याला दिलेले उत्तर परत घेता येत नाही.

सईला मी साफ करू दिले नाही. निगेटिव्हचा पत्र्याचा डबा काढला, आणि आधी बायकोला सगळे सांगितले. तिने हातातली परात खाली ठेवली. "जित्या बाईला हार घातलाव? इचारलं तरी का मला?" त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना.

भागवत आला. मी त्याला खुर्चीवर बसवले आणि सांगितले: तसबिरीतले डोळे आणि नाक तुझ्या आईचे नाहीत, दुसऱ्या बाईचे मी चिकटवले. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मंग आमी रोज हात जोडतो त्या बाई कोण?"

तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. भागवतने वर पाहिले आणि पाहतच राहिला. सत्तरीतला चेहरा, सुरकुत्यांत बुडालेला, पण डोळे तेच. तो उठला आणि खाली वाकून त्याने तिच्या पायाला हात लावला. कपबश्या किणकिणल्या.

"ऊठ बाबा," ती म्हणाली. "इतकी वर्षं हार घालतूस, तरी ठणठणीत हाय मी. तुझ्या आईचं आयुष्य मलाच लागलं म्हन की."

तो हसला. हसताहसताच त्याने टोपीने डोळे पुसले. माझ्याकडे मात्र त्याने पाहिले नाही, आणि तो त्याचा हक्क होता.

मग सईने मूळ निगेटिव्ह पडद्यावर आणली. मला वाटले होते, एवढा पडदा, एवढे ठिपके, कदाचित चेहरा सापडेल. मोठे करत गेलो, तसतसे नाक नाही, डोळे नाहीत, शेवटी राखाडी दाण्यांचा ढग. निगेटिव्हने जे टिपलेच नाही ते पडदा कुठून देणार? पण सईने फोटो जरा खाली सरकवला आणि सोनाबाईचा हात आला. तो हलला नव्हता. मनगटावरच्या गोंदणाचा एकेक ठिपका, काचेच्या बांगडीला गेलेला तडा, आणि मुठीत घट्ट धरलेला एका लहान सदऱ्याचा काठ.

"हा सदरा माझा?" भागवतने विचारले.

"तुझाच. तू पळायला निघाला होतास. तिने धरलं आणि तुझ्याकडं वळून बघितलं."

त्याने पडद्यावरच्या त्या काठाला बोट लावले. "म्हंजी माझ्यामुळंच बिगडला म्हना आईचा फोटो."

चाळीस वर्षांत मला जे म्हणता आले नव्हते, ते त्या क्षणी म्हणणे भाग पडले. "नाही रे. तू तीन वर्षांचा होतास, पोरं हलणारच. दुसरा फोटो काढणं माझं काम होतं. रोलवर दोन शिल्लक होते. मी काढला नाही."

आता त्याने माझ्याकडे पाहिले. "मंग तवा काऊन सांगितलं न्हाई, काका? आमचा बाप लई बघायचा त्या फोटोकडं. आन् मान हालवायचा." मी नुसते हात जोडले. त्याने ते खाली केले नाहीत, दूर लोटलेही नाहीत. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाय तसाच द्या. धुरकट तर धुरकट. हाताचा मोठा करा."

जुनी तसबीर त्याने आमच्याकडेच ठेवली, हार काढून. बायकोने ती पुसून कपाटावर आडवी ठेवली आहे. भिंतीवर लावू देत नाही, टाकूही देत नाही.

तो गेल्यावर पडदा उजळलेलाच होता. मी नाकाशी नाक लावून पुन्हा तो राखाडी ढग पाहिला, मग खुर्ची मागे सरकवली, अगदी भिंतीपर्यंत. तिथून ढगाची बाई झाली, वळणारी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बायको भागवतच्या पाटीतली सीताफळे एकेक उचलून, डोळे पडद्याकडे ठेवून, अंगठ्याने दाबून पाहत होती. एक पिकलेले निघाले. ते तिने माझ्या हातात दिले. दोन दिवसांनी ती माझ्याशी बोलली ती तेव्हा. म्हणाली, "तिचं तोंड पोराकडंच होतं की वो."